शेडचा खोकला

"ही तिसरी बाटली मी देणार नाही," औषधाच्या दुकानातला म्हातारा मला म्हणाला होता. "खोकतंय कोण घरात? त्या माणसाला दवाखान्यात न्या, थुंकी तपासून घ्या. कडेवर तान्हं आहे तुमच्या, म्हणून सांगतोय."

मी चिमीचं टोपडं कानांवर ओढलं, "बरं" म्हटलं आणि पायरी उतरले. मनात म्हटलं, बाहेरून आलेलं माणूस दिसलं की यांना त्याच्यात आधी रोग दिसतो. पुढच्या वळणावरच्या किराणा दुकानात तसलंच गोड औषध मिळायचं, फक्त बाटली हिरवी. तिथे कुणी काही विचारलं नाही.

खोलीवर जाऊबाई दारातच बसल्या होत्या.

"मिळालं का गं, धाकटे?"

"मिळालं."

"रंग का बदलला?"

"कंपनी बदलली."

त्यांनी झाकणात न ओतता बाटलीलाच तोंड लावलं, पदरानं ओठ पुसले आणि चिमीला माझ्याकडून ओढून घेतलं. "ये गं माझी म्हशी, ये," असं म्हणत तिच्या पोटात तोंड खुपसलं. चिमी खिदळायला लागली. मी चपला हातात धरून तशीच उभी राहिले.

आम्ही अळंबीच्या शेडवर कामाला होतो. लांबोडकी, बिनखिडक्यांची शेडं. आत कायम गारवा आणि ओल. लाकडी कप्पे एकावर एक थेट छतापर्यंत गेलेले, कप्प्यांत काळी माती आणि मातीतून वर आलेली पांढरी डोकी. कपाळाला दिवा बांधायचा, अळंबी तीन बोटांत धरून हलकेच पिळायची, देठाचं मातीचं टोक सुरीनं उडवायचं आणि आकार बघून खोक्यात टाकायची. जरा जोरात धरली की बोटाचा डाग उठतो, आणि डागाचं खोकं मुकादम परत पाठवतो. खालचे कप्पे उकिडवं बसून खुडायचे, वरचे लोखंडी घोडीवर चढून. म्हणून प्रत्येक ओळीला बायकांची जोडी असायची, एक खाली, एक वर.

जाऊबाई खालच्या. त्यांच्या जोडीची बाई आमच्याही पलीकडच्या कुठल्या तरी मुलखातून आलेली. तिची बोली आमच्याशी अर्धीमुर्धी जुळायची, पण तिचं नाव काही कुणाच्या जिभेवर बसेना. शेवटी सगळे तिला 'वरची' म्हणायला लागले, आणि तीही ओ द्यायला लागली.

दीर आणि माझा नवरा खतमातीच्या ढिगावर असायचे. मी शेडच्या तोंडाशी, वजनाच्या टेबलावर. टेबलाखाली रिकाम्या खोक्यात गोधडी घालून चिमी. मी शिकलेली म्हणून मला टेबल मिळालं होतं, आणि शिकलेली म्हणून इथली भाषा बोलायचं कामही माझ्याच गळ्यात होतं. मुकादमाशी, दुकानात, आमच्या खोल्यांच्या सगळ्या रांगेतल्या लोकांसाठी. कुणाला काही बोलायचं असलं की हाक यायची, "चिमीची आई, जरा सांग गं त्याला."

त्या हंगामात ऊन असं तापलं की शेडमधलं गार हवेचं यंत्र मान टाकायला लागलं. अळंबीला ऊब मिळाली की ती धीर धरत नाही. सगळा बहर एकदम फुटला. खुडणारे हात तेवढेच. सकाळी घट्ट, गोल असलेली डोकी दुपारपर्यंत छत्रीसारखी उघडायची आणि त्यांच्या खालून तपकिरी पूड सांडायची. ती पूड श्वासाबरोबर आत गेली की घशात खवखवतं, छातीत दाटतं, माणूस खोकायला लागतं. त्याला सगळे 'शेडचा खोकला' म्हणायचे. तो बहराबरोबर येतो आणि बहराबरोबर जातो. त्याची दखल घ्यायची नसते, जशी पाठदुखीची घ्यायची नसते.

"काय वाजंत्री लावलीय आज!" मुकादम दारातून ओरडायचा. "खोका, पण तोंड फिरवून खोका. मालावर नको."

"मालाची काळजी बघा मेल्याला," जाऊबाई आमच्या बोलीत म्हणायच्या, वर हसून त्याच्याकडे बघायच्या.

घोडीवरून वरची म्हणायची, "खालची, तुझ्या खोकल्यानं माझी घोडी हलते."

"मग घट्ट धर. पडलीस तर माझ्या डोक्यावर पडशील."

"डोकं फुटलं तर?"

"आत काही असेल तर सांडेल ना."

दोघी हसायच्या आणि मग दोघी खोकायच्या. सुट्टीत शेडच्या भिंतीला पाठ लावून बसायच्या, एका डब्याच्या झाकणातून आळीपाळीने चहा प्यायच्या. वरचीच्या गावच्या गोष्टी जाऊबाईंना कितपत कळत होत्या, देव जाणे. हात हातात घेऊन ऐकायच्या मात्र.

आता कुणी म्हणेल, खोकला हटत नव्हता तर दवाखान्यात जायला काय झालं होतं? आमच्या घरात तो शब्द काढायची सोय नव्हती. आधीच्या गावी जाऊबाईंच्या पित्ताशयात खडे झाले होते. पोटात असं दुखायचं की त्या जमिनीवर गडबडा लोळायच्या. सरकारी दवाखान्यात नेलं, सगळे गोड बोलले, शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर टाक्यांची खाज थांबायच्या आत बिल आलं. आमचे इथे राहून काम करायचे परवाने दुसऱ्या मालकाच्या नावावर होते, आम्ही काम बदललेलं, नोंद बदललेली नव्हती. तेव्हा फुकट उपचारांचा हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. ते पैसे अजून फिटत होते. आणि मुकादमानं वर भर घातली होती, "दवाखान्याची बाकी असली की परवाना पुढे मिळत नाही. गाशा गुंडाळायचा."

तेव्हापासून दिरांनी दवाखान्याचं नाव टाकलं. फावड्याच्या पात्यानं त्यांचा तळवा फाटला, तर खोकी बंद करायची चिकटपट्टी गुंडाळून ते दुसऱ्या दिवशी ढिगावर गेले. "माती गरम असते, शेक बसतो," म्हणाले.

आणि आमची खोली एकच. मधे फळीचा आडोसा. एकीकडे आम्ही तिघं, दुसरीकडे ते दोघं. खिडकीतून धूळ यायची म्हणून तिच्यात पोत्याचा बोळा घातलेला. जाऊबाईंचा खोकला फळीवर आपटून माझ्या उशाशी यायचा. चिमी झोपेत दचकायची. मी तिच्या नाकापुढे बोट धरून बसायची. त्यांची चोळी दंडावर लोंबायला लागली होती. अंथरूण घामानं ओलं व्हायचं, ते त्या पहाटे उठून, कुणी बघायच्या आत, दोरीवर टाकायच्या. मी बघत होते. मनाला सांगायची, उकाडा आहे.

बहर संपला. माती उपसून टाकली, शेड रिकामं झालं. नवं पीक घालायच्या आधी शेडला कोंडून वाफ देतात. जुनी बुरशी, किडे, सगळं मरावं म्हणून. तेवढे दिवस कुणाला आत जायचं नसतं. आम्ही बायका दारापुढे बसून खोकी धूत होतो. रांगेतला खोकला एकेकाचा थांबला. पलीकडच्या म्हातारीचा थांबला, माझ्या नवऱ्याचा थांबला. रांग इतकी शांत झाली की नळाचं थेंब-थेंब ऐकू यायला लागलं.

त्याच आठवड्यात नर्सबाई आली. लहान मुलांना टोचायला ती गाडी घेऊन रांगेच्या टोकाशी यायची. थोराड बाई, मोठा आवाज, हात मात्र असे हलके की चिमीला सुई टोचल्याचं उशिरा कळायचं आणि मग ती उगीच, रीत म्हणून रडायची. त्या दिवशी उन्हामुळे नर्सबाई आमच्या खोलीतच येऊन बसली. चिमीला मांडीवर घेतलं. तेवढ्यात फळीआडून जाऊबाईंना उबळ आली. तोंडात पदर कोंबून दाबलेली उबळ आणखी वाईट ऐकू येते.

"कोण खोकतंय?"

"जाऊबाई. शेडचा खोकला आहे. इथे सगळ्यांनाच असतो."

नर्सबाईनं सुई खाली ठेवली. "शेड तर बंद आहे ना?"

अळंबीचा बहर मोजून खोकला मोजणारे आम्ही. बहर संपला होता, शेडला कुलूप होतं, पूड कुठे होती? हा साधा हिशेब रांगेत कुणी केला नव्हता. मीही नाही.

"बोलवा त्यांना," ती म्हणाली.

जाऊबाई पदर सावरत आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या, चिमीपासून लांब. ते मला तेव्हाच टोचलं. गेल्या काही दिवसांत त्या तिला घेईनाशा झाल्या होत्या. हात ओले आहेत, म्हणायच्या.

"विचारा, कधीपासून आहे?"

मी विचारलं. जाऊबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांग तिला, परवा गार पाणी प्यायले."

नर्सबाईला आमची बोली कळत नव्हती. जाऊबाईंना इथली कळत नव्हती. मधे मी एकटी. चिमी नर्सबाईच्या मांडीवर बसून तिच्या गळ्यातली दोरी चोखत होती.

मी इथल्या भाषेत सांगितलं, "बहर फुटायच्या आधीपासून आहे. झोपेत घाम येतो, अंथरूण भिजतं. जेवण जात नाही. निम्म्या झाल्यात. आम्ही सगळे एकाच खोलीत झोपतो."

जाऊबाईंना शब्द कळले नाहीत, पण त्या काही खुळ्या नव्हत्या.

"गार पाण्याला एवढे शब्द लागतात?" त्या हळूच म्हणाल्या.



नर्सबाईनं काही आरडाओरडा केला नाही. उठली, खिडकीतला पोत्याचा बोळा उपसून बाहेर टाकला. मग झाकणाची छोटी डबी काढून जाऊबाईंच्या हातात दिली. बाहेर, उघड्यावर जाऊन, छातीतून खोकून त्यात थुंकायला सांगितलं. आणि मला म्हणाली, "नीट सांगा त्यांना. मला ज्या आजाराचा संशय आहे, त्याची तपासणी फुकट, औषधं फुकट. परवाना असू दे, नसू दे, संपलेला असू दे. हा आजार एकाला ठेवला की गावाला होतो, म्हणून कुणाकडून पैसे घेतच नाहीत."

मी सांगितलं.

"मागच्या वेळीही गोडच बोलले होते," जाऊबाई म्हणाल्या. "विचार, मागच्या बाकीचं काय?"

मी विचारलं. नर्सबाई म्हणाली, "ते वेगळं. ते माझ्या हातात नाही. ते तसंच राहील. पण त्याच्यात हे मिळवणार नाहीत."

हेही मी जसंच्या तसं सांगितलं. जाऊबाई डबीकडे बघत राहिल्या. "ही बाई खोटं बोलत नाही," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

दीर संध्याकाळी घरी आले आणि सगळं ऐकून उंबऱ्यातच बसले.

"कुणाला विचारून सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"शिकलेल्या ना तुम्ही. उद्या परवाना अडला की शाळेचे दाखले खायचे का?"

माझा नवरा पुढे झाला. "दादा, चिमी आहे घरात."

"मला दिसत नाही चिमी? मला काय ती कुणी परकी आहे?" ते ओरडले, आणि मग त्यांचा आवाजच बसला. जाऊबाई आतून म्हणाल्या, "त्या पोरीवर कशाला डाफरताय? तोंड माझं होतं, भाषा तिची. मीच तिला मधे घातलं." त्या दिवशी मात्र त्या माझ्याशी थेट बोलल्या नाहीत. ताट स्वतःचं वेगळं घेतलं, घासून वेगळं ठेवलं.

थुंकीच्या तपासणीत नर्सबाईचा संशयच खरा निघाला. शिवाय छातीत एका बाजूला पाणी धरलेलं. ते काढायला दवाखान्यात ठेवावं लागेल म्हणाले.

दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीपुढे आम्ही रांगेत उभे होतो. खिडकीतल्या तरुणानं परवाना उलटसुलट केला आणि भरल्या हॉलमध्ये मोठ्यांदा म्हणाला, "बाहेरचे आहेत. भरतीचे पैसे द्यावे लागतील. लिहून द्या, नाहीतर बाजूला व्हा." मागची माणसं आमच्याकडे बघायला लागली. एका बाईनं आपल्या मुलाला जवळ ओढलं. जाऊबाईंनी तोंडावरची पट्टी डोळ्यांपर्यंत चढवली. दिरांनी पेन उचललं. त्यांच्या तळव्यावर चिकटपट्टीचा काळा डिंक अजून होता.

"भाऊजी, थांबा," मी म्हटलं.

"राहू दे. देऊ. काय करणार? हिला अशी उभी किती वेळ ठेवायची?"

"थांबा म्हणते ना."

मी दिरांशी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी खिडकीशी वाकले. माझा स्वतःचाच आवाज मला परका वाटत होता. "यांचा आजार कुठला, ते वाचा. मग पुन्हा सांगा."

त्यानं वाचलं. "तपासणी फुकट आहे," म्हणाला. "भरतीचं मला माहीत नाही."

"मग माहीत असलेल्याला बोलवा."

तो उठून गेला. बराच वेळ आला नाही. मागची रांग चुळबुळली. आतून चष्मा कपाळावर ढकललेली एक बाई आली, कागद एकदा बघितला आणि त्याला म्हणाली, "याच आजाराचं पाणी आहे. भरती, पाणी काढणं, औषधं, काहीच लावायचं नाही." तो "बरं" म्हणाला आणि पुढचं नाव पुकारलं. इतकंच. कुणी माफी मागितली नाही, मागितली असती तर आम्ही तरी काय केलं असतं कुणास ठाऊक. दीर भिंतीशी जाऊन उभे राहिले आणि नाक शिंकरलं.

जाऊबाई आठवड्याभरानं घरी आल्या. त्यांचं अंथरूण आता उघड्या खिडकीखाली होतं. गोळ्या रोज, नर्सबाईच्या नाहीतर आमच्या डोळ्यांदेखत. लघवी लाल व्हायला लागली तेव्हा त्या घाबरल्या, औषधाचा रंग आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "निदान काहीतरी रंगीत झालं आयुष्यात." तो हसण्याचा आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. परवान्याचं अजून लटकलेलंच होतं, जुनी बाकीही होती. पण दीर आता ढिगावरून येताना शीळ घालायला लागले होते.

आम्हा सगळ्यांची तपासणी झाली. चिमीच्या दंडावर टोचून, ती जागा फुगते का बघायला थांबवलं. मी डोळ्यात तेल घालून त्या टिंबाकडे बघत होते. फुगलं नाही. तरी ती लहान म्हणून आजार होऊ नये याची गोळी तिला चालू केली, चमच्यात चुरून, दुधातून. ती निम्मी माझ्या अंगावर थुंकते. मी पुन्हा देते.

मग नर्सबाईनं विचारलं, "घरच्यांखेरीज यांच्या सगळ्यांत जवळ कोण असायचं?"

जाऊबाई आणि मी एकदमच म्हटलं, "वरची."

मी तिला गाठलं ती नळावर. नवीन पिकाची माती भरायला सुरुवात झाली होती, ती बादलीत पाय धूत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"पैसे?"

"नाहीत. आमच्याकडून एक पैसाही घेतला नाही."

"तुमचे परवाने तरी आहेत." तिनं पाय बादलीतून काढले. "माझा नाही. मी तिथे नाव सांगितलं की मुकादमालाही माझं नाव कळेल, आणि मग कुणाकुणाला."

"नसला तरी देतात. नर्सबाई म्हणाली."

"नर्सबाईचा पगार सरकार देतं, बाई." हे ती हसत म्हणाली, राग न धरता. मग तोंडाला कोपर लावून खोकली. शेडमध्ये अजून एकही अळंबी उगवली नव्हती.

"उद्या ये माझ्याबरोबर," मी म्हटलं. "मी बोलेन तुझ्यासाठी."

"येते की. खालची कशी आहे?"

"बरी आहे. तुझी आठवण काढते."

"सांग तिला, घोडी आता हलत नाही."

दुसऱ्या दिवशी तिची खोली उघडी होती. अंथरुणाची गुंडाळी नव्हती, दोरीवर काही नव्हतं. शेजारीण म्हणाली, कुणाच्या तरी मालाच्या गाडीत बसून पहाटे गेली, दुसऱ्या शेडवर. कुठल्या, ते तिनं सांगितलं नाही. नर्सबाईनं इकडेतिकडे फोन केले. पण शोधायचं कुणाला? नाव कुणालाच येत नव्हतं. तिच्या जोडीला बसून तिचा उष्टा चहा प्यालेल्या जाऊबाईंनाही नाही. त्या दिवशी जाऊबाई जेवल्या नाहीत. "माझं तिला दिलं मी," एवढंच म्हणाल्या.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या गावाबाहेर अशी शेडं असतील. अळंबीची नसतील तर फुलांची, भाजीची, कोंबड्यांची. कुठेतरी एक बाई उंचावरचं काम मागून घेत असेल. उंच आहे, खांदे पुढे झुकलेले, डाव्या भुवईत केस नाहीत. खोकं भरलं की जिभेनं टाळ्यावर टक् वाजवते. तिथे तिला काय म्हणत असतील, मला माहीत नाही. नावानं शोधू नका.

भेटली तर एकदम दवाखान्याचं काढू नका, ती उठून जाईल. आधी जेवलीस का विचारा. शेजारी बसा, वारा असेल अशा जागी. मग सांगा, खालची बरी आहे, खरंच बरी आहे, आणि कुणी काही मागितलं नाही. आणि ती हो म्हणाली, तर उद्यावर ठेवू नका. तशाच उठा, तिच्याबरोबर चालत जा.